फॅक्टरचा रविवार

बंधू गं माझा धोंडू, गवताला गेला रानी,
विळा गं लागे जरा, थांबेना लाल पानी...

व्हायनात, जमिनीतल्या उखळात, मुसळ पडायचं आणि दोन घावांच्या मधल्या जागेत सोनूबाई आजी, विशाखाच्या आईची आई, ओळ ठेवायची. घाव, ओळ. घाव, ओळ. विशाखा तेव्हा परकरात होती. आजीच्या समोर बसून कांडलेलं भात पाखडायची. तिला वाटायचं, गाण्यात चंद्र असतो, मोर असतो, तसा धोंडू असणार. आजीला खरोखरचा भाऊ होता, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा गवत कापताना त्याचं बोट कापलं, आयाबायांनी मुठीमुठीने हळद दाबली तरी रक्त थांबलं नाही आणि तो गेला, हे तिला फार उशिरा कळलं. रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "तुमच्या माहेरी, आईच्या बाजूला, कुणी असं रक्त वाहून गेलंय का?" तेव्हा मांडीवरच्या सहा वर्षांच्या प्रथमेशकडे बघत तिच्या तोंडून उत्तराऐवजी ती ओवीच बाहेर आली होती.

त्या प्रथमेशला आता दाढी यायला लागून बरीच वर्षं झाली होती.

मागच्या पडवीत विशाखा हात धूत होती. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग मनगटं. रविवार होता, फॅक्टरचा दिवस. रक्त गोठवणारं जे प्रथमेशच्या रक्तात मुळातच नाही ते आठवड्यातून दोनदा बाहेरून, सुईने, शिरेतून घालायचं. सुरुवातीला त्यासाठी रत्नागिरीला जावं लागे. मग तिथल्या सेंटरच्या सिस्टरनी तिला शिकवलं आणि औषधाच्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये, वालाच्या शेंगांशेजारी येऊन बसल्या. त्या घरात ही सुई फक्त तिच्याच हातात होती.

साबणाचा फेस तिला दिसत होता. तळहाताच्या रेषा दिसत नव्हत्या.

देवरूखच्या शिबिरात डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, काढून टाकू, अवघड काही नाही. फक्त काही दिवस धूर नको, वाकून काम नको, डोळ्यावर ताण नको. "घरी विचारते," असं सांगून ती उठली आणि घरी कुणालाच विचारलं नाही. शीर डोळ्यांनी थोडीच शोधायची असते, ती तर अंगठ्याने शोधायची, असं स्वतःला समजावत तिने श्रावण काढला, भादवा काढला. पण गेल्या आठवड्यात प्रथमेशचा गुडघा भरून आला, त्याचा चेहरा राखेसारखा झाला, आणि अंगठा दोनदा चुकला. नवऱ्याने, अनिलने, शेजारची टमटम काढून पोराला रत्नागिरीला नेलं. ते परत आल्यावर ती सगळ्यांना म्हणाली, "शिरा आत गेल्यात त्याच्या."

सगळ्यांनी ते खरं मानलं. आणि आता मुंबईहून भावजी आले होते.

*

मोठ्या भावाला फोन अनिलनेच केला होता, बायकोला न विचारता. तो कामाला होता त्या कॉलेजच्या ऑफिसात, टेबलाखाली मोबाईल धरून, विद्यार्थ्यासारखा. आता सुहास समोरच्या खुर्चीत बसला होता आणि अनिलला आपण केलं ते बरोबर की चूक, हे काही ठरवता येत नव्हतं.

सुहासची नजर खिडकीशी गेली. तिथे पाय लांब ठेवून प्रथमेश कुणाचा तरी मिक्सर उघडून बसला होता. त्याचा उजवा गुडघा कधीच पुरता सरळ होत नसे. त्याखाली उशी होती.

"अजून लोकांचे मिक्सरच खोलतोयस काय रे?"

"झाकून ठेवायला कुणी आणत नाय ना काका."

"मुंबईत याच कामाला दुकान मिळंल. बसून काम. खाली रिक्षा, वर लिफ्ट. आणि सेंटर आमच्यापासून जवळ." सुहास अनिलकडे वळला. "मी काय परक्यासारखं बोलतोय काय? पोरगा तुझा तसा माझा. इथं रात्री-अपरात्री काही झालं तर घाट उतरेपर्यंत काय करणार तू?"

"परक्यासारखं कोण म्हणतंय," अनिल म्हणाला.

"मग विशाखाला सांग."

बायको सुई टोचायची तेव्हा टॉर्च धरायचं काम अनिलचं. टॉर्च धरून तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा, कारण रक्त त्याला बघवत नसे. सतरा-अठरा वर्षं ज्या बाईने हे एकटीने ओढलं, तिला कुठल्या तोंडाने सांगायचं की तुझ्या हातून आता होत नाही?

तेवढ्यात विशाखा हात वर धरून आत आली. तिने ऐकलं होतं.

"मला सांगायला ह्यांची गरज नाय भावजी. मी हितंच हाय. पोरगा कुठं जाणार नाय."

"पोराला विचारलंस?"

"त्याची आई हाय मी."

"तेच तर," सुहास म्हणाला. "आई हायस. दवाखाना नायस."

खिडकीशी स्क्रू गोळा करण्याचा आवाज थांबला. अनिलने दोघांकडे बघितलं आणि पहिल्यांदाच बायकोच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

*

मनाली, प्रथमेशची धाकटी बहीण, चहा गाळत होती तेव्हा तिला अंगणात आत्येचा आवाज ऐकू आला आणि तिच्या हातची गाळणी तशीच राहिली. पलीकडच्या वाडीत दिलेली आनंदी आत्ये या घरात लग्नाला यायची, मयताला यायची, विहारातल्या वंदनेला यायची. उगाच कधी येत नसे.

"बर्फ हाय," आत्येने हातातली पिशवी पुढे केली. "मासेवालीकडनं घेतला. बांगडे तिचे तिलाच ठेव म्हटलं. खुळ्यासारखी बघत राहिली माझ्याकडं. धू हां आधी, नायतर पोराच्या गुडघ्याला मांजरं लागतील."

प्रथमेश हसला. आई हसली नाही.

हे भांडण मनालीच्या जन्माआधीचं, तिला ते घरातल्या भांड्यांसारखं वारशाने मिळालं होतं. प्रथमेश लहान असताना त्याचा गुडघा पहिल्यांदा सुजला. आत्ये म्हणाली, सांधा निसटलाय. करंजाचं तेल कडकडीत करून तिने सकाळ-संध्याकाळ तो चोळला, मायेने, पोर रडत असताना अंगाई म्हणत. आतल्या आत रक्त वाहत राहिलं. गुडघा वाकला तो वाकलाच. मग रोगाचं नाव कळलं, आणि तो आईच्या बाजूने येतो हेही कळलं. दवाखान्याच्या पायरीवर आत्ये आईला म्हणाली होती, "बघ, तुझ्या माहेरचंच निघालं." तेवढं एक वाक्य. त्यानंतर आईने तिच्या हातून पेलाभर पाणीही घेतलं नव्हतं.

"कोणी बोलावलं तुम्हांला आक्का?" आई म्हणाली.

"कोणी नाय. बोलवायची वाट बघत बसले असते तर तिकडंच मेले असते." आत्ये खाली बसली, पदराने घाम पुसला. "सुहास पोराला न्यायला आलाय म्हणून कळलं. म्हणून आले."

"मग समजाव हिला," सुहासकाका म्हणाले.

"तुला समजवायला आलेय मी."

काकांनी मनालीच्या ट्रेमधून उचललेला कप पुन्हा तिथेच ठेवला.

"ह्या वाडीत विहाराचा दिवा कधी चुकलाय काय रे?" आत्ये म्हणाली. "आपली आई होती तेव्हापासून? घराघराची पाळी हाय. कुणाच्या घरी दुखणं आलं तर शेजारचा लावतो. पुराच्या साली कमरेएवढ्या पाण्यातनं गेली होती माणसं. कुणी म्हणालं, दिवा मुंबईला नेऊन ठेवू, तिकडं लाईट जात नाय?"

"दिव्याची गोष्ट वेगळी."

"वेगळी का? दिव्याला सगळी वाडी आणि पोराला एकटी बाई? मी बोललेय चार घरांत. रत्नागिरीला सोबत कुणी जायचं, लाईट गेली तर बाटल्या कुणाच्या फ्रिजला न्यायच्या, शेणी-लाकडं कुणी आणायची. पाळी लावायची. आणि सुई शिकायला दोघं-तिघं जायचं सेंटरला. मी पण जाते. म्हातारी झाले, पण डोळे शाबूत हायत माझे."

मनालीला दिसलं, की या शेवटच्या शब्दांवर आईचं तोंड एकदम उतरलं. का, ते तिला कळेना.

"माझा पोरगा म्हणजे विहाराचा दिवा नाय," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "पाळी आली म्हणून त्याला कुणीबी हात लावायला. एकदा तुमचा हात लागला. काय झालं ते त्याचा गुडघा सांगतोय."

बाहेर कुणीतरी झोडणी करत होतं, भाताच्या पेंढ्या फळीवर आपटल्याचा आवाज येत होता.

"सांगतोय," आत्ये म्हणाली. "तो आमच्या वाडीच्या रस्त्यानं चालतो तेव्हा मी दारात उभी राहून ऐकते."

चहा गार होत होता. मनालीने ट्रे खाली ठेवला आणि स्वतःलाही अनपेक्षित अशा आवाजात म्हणाली, "मी शिकते सुई. मला का नाय शिकवत?"

"तू तुझ्या परीक्षेचं बघ."

"दरवेळी तेच. टॉर्चसुद्धा धरू देत नायस मला."

"तुझा हात ह्यात नको गं अडकायला. एकीचा अडकला तेवढा पुरे."

"आई," मनाली म्हणाली, "ते माझ्यातही असंल. तुझ्यात होतं, तुझ्या आईत होतं. उद्या मला पोरगा झाला तर त्याला सुई कोण टोचणार? तूच?"

या घरात हे वाक्य कधी कुणी उच्चारलं नव्हतं. बाबांनी भिंतीला हात टेकला. काका आपल्या चपलांकडे बघू लागले. आई मात्र मनालीकडे बघत राहिली. बघत होती की नुसती त्या दिशेला तोंड करून उभी होती, हे मनालीला सांगता आलं नसतं.

"बाटली काढ फ्रिजमधनं," आई शेवटी म्हणाली. "वेळ झाली."

*

बाटली दोन तळव्यांत धरून आई ती हळूहळू फिरवत होती. हलवायची नसते, फेस येतो. पाखराचं अंडं ऊब द्यायला धरावं तशी ती धरायची. प्रथमेशला तिचे हात लहानपणापासून पाठ होते. म्हणून तर त्याला कळलं होतं.

आधी ती शीर बघायची, मग हात लावायची. पावसाळ्यात कधीतरी ते उलटं झालं. अंगठा आधी फिरायला लागला आणि मान दुसरीकडे वळायला लागली, दूरचं गाणं ऐकत असल्यासारखी. सुईत दोरा ओवायला ती मनालीला हाक मारू लागली. तांदळातले खडे दाताखाली येऊ लागले. त्याच्या शिरा कुठेच गेल्या नव्हत्या. उजव्या हातावर ती जाड निळी शीर होती तिथेच होती, त्याला ती इथून दिसत होती.

गेल्या दोन फेऱ्यांना सेंटरमध्ये त्याने सिस्टरकडून स्वतःला टोचून घ्यायला शिकून घेतलं होतं. डाव्या हाताने. जमलं होतं. "पट्टा सोडायला आणि सिरिंज ढकलायला मात्र एक माणूस लागेल हां," सिस्टर म्हणाल्या होत्या. "घरी सांग." त्याने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आईला विचारावं लागलं असतं, तुला दिसतं का. आणि तिचं उत्तर काकांच्या कानावर गेलं की त्याची बॅग भरली गेली असती. त्याला इथेच राहायचं होतं. या खिडकीशी, जिथे वाडीतल्या बाया मिक्सर घेऊन यायच्या आणि नादुरुस्त मिक्सरपेक्षा नादुरुस्त सुनांबद्दल जास्त बोलायच्या. त्याने ठरवलं होतं, आई बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. तिच्या हातून काढून घ्यायचं नाही. तिने ठेवलं तर उचलायचं.

"उजवा?" आईने विचारलं.

"उजवा."

पट्टा आवळला. स्पिरिटचा बोळा गार लागला. बाबांनी टॉर्च धरला आणि कॅलेंडरकडे तोंड केलं. काका, आत्ये, मनाली, तिघंही दारातून बघत होते. आईचा अंगठा दंडावरून खाली आला, थांबला, पुन्हा वर गेला. तो शीर ओलांडून गेला तेव्हा प्रथमेशने हात जरासा सरकवला, तिच्या अंगठ्याखाली शीर यावी म्हणून. थोडा उशीर झाला. सुई आत गेली, नळीत रक्त आलं नाही, ती कोरडीच राहिली.

तिने सुई काढली. बोळा दाबून धरला, घट्ट, लांब वेळ, शिकवल्याप्रमाणे.

"आई," ठरवलेलं मोडून तो हळूच म्हणाला, "दुसरी सुई मला दे. सिस्टरनी शिकवलंय मला. तू नुसतं पट्ट्याला धर."

"गप बस."

"हे बघा," दारातून सुहासकाका म्हणाले. आवाजात राग नव्हता, काकुळतीच होती. "हे बघा आता. पोराच्या हाताची चाळण करायची काय? अनिल, तू तरी बोल. उद्याच्या गाडीनं मी त्याला नेतो."

अनिलच्या हातातला टॉर्च खाली आला. प्रथमेशला वाटलं, आता बाबा हो म्हणणार.

पण बोलली ती आनंदी आत्ये.

"काय सारखी गाडी-गाडी करतोस रे?" ती सुहासच्या आणि टेबलाच्या मध्ये येऊन उभी राहिली. "सगळ्यांनी उरावर येऊन उभं राहायचं आणि वर म्हणायचं चुकली. तुझ्या ऑफिसात साहेब मागं उभा राहिला की तुझं पेन कसं थरथरायचं, विसरलास? तिचा हात हाय तो. इतकी वर्षं त्या हातानं पोरगा जिता ठेवलाय. आज आपण सगळे डोळे फाडून बघतोय म्हणून थरथरला. चला, बाहेर चला. मनाली, तू पण. तिला एकटीला सोडा, बघा कसं बरोबर लागतंय."

तिने खरोखरच सुहासचं मनगट धरलं आणि त्याला उंबऱ्याकडे ओढलं.

*

विशाखा हातात नवी सुई घेऊन उभी होती.

ज्या बाईच्या हातचं तिने पाणी घेतलं नव्हतं, तिने आत्ता तिच्या हातात एक सबब आणून ठेवली होती. आयती, ऊबदार, सगळ्यांना पटण्यासारखी. मान हलवली की पुरे. सगळे बाहेर जातील, दार लोटलं जाईल, आणि दारामागे ती पुन्हा अंगठ्याने चाचपत राहील. लागली तर लागली. नाही लागली तर सांगायला नवीन काहीतरी सापडेलच. आणि आक्का बाहेर अंगणात बसून तिच्या हाताची शपथ घेत राहतील.

समोर प्रथमेशचा हात होता. सावळा, लांबट, धुक्यातल्या वाटेसारखा. त्या वाटेवर कुठे वळण होतं, कुठे नदी होती, तिला काही म्हणता काही दिसत नव्हतं. त्याने मघाशी हात सरकवला होता. तिच्या अंगठ्याला ते कळलं होतं. म्हणजे पोराला माहीत होतं. केव्हापासून माहीत होतं, आणि तो तरीही दर बुधवारी, दर रविवारी हात पुढे करून बसत होता.

आपल्याकडून आलं, म्हणून आपणच फेडायचं, असं तिने त्या दवाखान्याच्या पायरीवर ठरवलं होतं. त्या ठरवण्यात पोराचा हात कुणी विचारात घेतला होता?

"थांबा," ती म्हणाली.

आनंदी उंबऱ्यात थांबली. तिच्या हातात अजून सुहासचं मनगट होतं.

"कुणी जाऊ नका. आत या सगळे."

विशाखाने सुई ताटलीत ठेवली, चाचपून, कडेला बोट लावून, आणि या वेळी ते चाचपणं तिने कुणापासून लपवलं नाही. ताटली तिने प्रथमेशच्या डाव्या हाताशी सरकवली. पट्ट्याचं टोक मनालीच्या दिशेने धरलं आणि मनालीने येऊन ते घेईपर्यंत तसंच धरून ठेवलं. मग तिने जिथून आनंदीचा श्वास ऐकू येत होता तिकडे तोंड वळवलं.

"माझा हात थरथरला नाय, आक्का," ती म्हणाली. "मला शीर दिसत नाय. पावसाळ्यात भात पोटऱ्यात आलं तेव्हापासून नाय दिसत. तुम्ही आत्ता दारात उभ्या हाव, तुमचं तोंडसुद्धा मला दिसत नाय."